डावा पाय मोकळा

मिस्त्रींनी नव्या पायडलची आस मुठीत धरली, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला टिचकी मारली आणि ते गरगरून थांबेपर्यंत बघत राहिले. थांबलं तेव्हा चिमट्याची बाजू खाली होती. पुन्हा टिचकी. या वेळी ते अर्ध्यातच, तिरपं होऊन थांबलं. धड ही बाजू वर नाही, धड ती नाही.

"हे पाहा सर," ते मला म्हणाले, "पाच हजाराचं पायडल, अन् त्यालेच ठाऊक नाही वरती कोणती बाजू ठेवाची."

"नवं आहे मामाजी ते. आतलं ग्रीस घट्ट असते," भाचा म्हणाला. "महिनाभर चाललं का मोकळं होते. मग ज्या बाजूला वजन जास्त, ती आपोआप खाली राहते."

"वजन कोणत्या बाजूले जास्त?"

"चिमट्याच्या."

"म्हणजे जे पाहिजे ते खाली, अन् जे नाही पाहिजे ते वर. बरं हाय."

भाचा हसला. मला वाटतं तो हरल्यासारखाच हसला होता, पण वाद तिथून सुरू झाला.

मौद्यात बाजाराच्या रस्त्याला मिस्त्रींची पत्र्याची टपरी आहे. पुढं कडुलिंब, त्याच्या फांदीला टांगलेल्या दोन जुन्या ट्यूबा, खाली पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. डिसेंबर लागला होता. धानाची मळणी आटोपत आलेली, कट्टे भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं एकामागं एक चाललेले, आणि डांबरावर सगळीकडं तणसाच्या काड्या. मी गेलो होतो माझ्या कामाला. वडिलांच्या वेळची काळी बावीस इंची सायकल, शाळा सात किलोमीटरवर, आणि आठवडाभर उजवं पायडल दर फेऱ्याला 'कट्' करायचं. विचार केला, रविवार आहे, पायडलची जोडीच बदलून टाकू. कोणती घ्यावी एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात मिस्त्रींचा भाचा आपली चोवीस गिअरची सायकल आणि ही नवी जोडी घेऊन आला, आणि माझा साधा प्रश्न त्या दोघांच्या ताब्यात गेला.

भाचा इथल्या औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडं कामाला आहे. तीन पाळ्या. घरापासून गेटपर्यंत आठ किलोमीटर, बारा महिने सायकलनं. त्यातून सुटी मिळाली की नागपूरच्या सायकलवाल्यांबरोबर ब्रेव्हे करतो. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 600 ला चाळीस. मधे कोणी मदत करायची नाही, पंक्चरसुद्धा आपलं आपण काढायचं. ते ऐकून मिस्त्री एकदा म्हणाले होते, "म्हणजे आमचं दुकान बंद पाडणारी शर्यत."

जोडी अशी होती: एका बाजूला सपाट चौकट, तिच्या कडेनं बारीक बारीक खिळे, कुठलाही बूट ठेवला तरी घसरू नये म्हणून. उलटं केलं की मधोमध पोलादी चिमटा. त्यासाठी वेगळे बूट लागतात. त्यांच्या तळव्यात, चवड्याच्या खाली, दोन स्क्रूंनी अंगठ्याएवढी एक पोलादी पट्टी बसवलेली असते, तिला क्लीट म्हणतात. क्लीटचं नाक चिमट्यात पुढून घालायचं, चवडा दाबायचा, 'खट्' असा आवाज येतो आणि पाय अडकतो. सोडवायचा असेल तर वर उचलून सुटत नाही. टाच बाहेरच्या अंगाला वळवावी लागते.

"याले इंग्रजीत काय म्हणते ठाऊक आहे का सर?" भाच्यानं विचारलं. "क्लिपलेस. म्हणजे बिनक्लिपचं."

"अन् अडकते क्लिपमधी," मिस्त्री म्हणाले.

यात कोणाची चूक नाही. आधी शर्यतवाले पायडलवर लोखंडी पिंजरा लावून त्यात चवडा घालत आणि वरून चामडी पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. तो गेला म्हणून ते 'क्लिपलेस', चिमटा आला तरी. फ्रान्सच्या लुक या कंपनीचा धंदा मुळात बर्फावर घसरायच्या स्कीमध्ये बूट पकडून ठेवणाऱ्या चिमट्यांचा. पडलं की बूट सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. ती युक्ती त्यांनी 1984 मध्ये पायडलला लावली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो तिच्यावर टूर द फ्रान्स जिंकला. पण त्या क्लीटा मोठ्या, प्लास्टिकच्या, तळव्याच्या बाहेर आलेल्या. फरशीवर त्या घालून माणूस बदकासारखा चालतो. जपानच्या शिमानोनं 1990 मध्ये एसपीडी काढलं, त्यात क्लीट लहान झाली आणि तळव्याच्या खाचेत लपली. कामावर जाणाऱ्या माणसाला हे परवडलं, कारण सायकलवरून उतरल्यावर त्याला माणसासारखं चालायचंही असतं.

"बरं, चालता येते हे मानलं," मिस्त्री म्हणाले. "पण काहून? पाय बांधून भेटते काय?"

मला वाटलं भाचा आता ते नेहमीचं सांगणार की खाली दाबताना एक ताकद आणि वर ओढताना दुसरी, म्हणजे दुप्पट काम. मी उत्तर तयार ठेवलं होतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात स्ट्रॉ आणि क्रॅम या दोघांनी सायकलस्वारांना आळीपाळीनं साधे धावायचे बूट आणि सपाट पायडल, मग पट्ट्याचं, मग चिमट्याचं असं चालवायला लावून शरीराला ऊर्जा किती लागते ते मोजलं. बेतानं चालवताना फरक सापडला नाही. त्याआधी 2007 च्या एका अभ्यासात तर पाय मुद्दाम वर ओढणाऱ्यांना उलट जास्तच खर्च येतो असं दिसलं होतं. वर येणारा पाय खाली जाणाऱ्या पायाच्या वाटेतून बाजूला झाला, एवढं पुष्कळ.

पण भाच्यानं तो मुद्दा काढलाच नाही.

"ताकद जास्त मिळते असं मी नाही म्हणत," तो म्हणाला. "मीही आधी तेच समजत होतो. जोर काढून सुसाट सुटायचं असेल, का रामटेकच्या गडावर उभं राहून चढायचं असेल, तर फरक पडते. रोजच्याला नाही पडत. आपण गेटपर्यंत जातो तेव्हा ऐंशी-शंभर वॅट लावत असू. त्यात दोन वॅट इकडं का तिकडं!"

समोर झाडांच्या वरून चिमण्यांचा धूर दिसत होता. दोन संच पाचशे-पाचशे मेगावॅटचे, दोन सहाशे साठचे, मिळून 2320 मेगावॅट. त्यांच्या सावलीत बसून आम्ही ऐंशी वॅटचा हिशेब करत होतो.

"मंग?"

"पाय जागेवर राहतो, मामाजी. रस्ता खराब असला, खड्डा आला, तर सपाट पायडलवरून चवडा उडतो. पावसात रबरावरून घसरतो. नाईट करून परत येताना डोळे मिटत असतात, तेव्हा पाय कुठं आहे हे पाहावं लागत नाही. अन् दोनशे किलोमीटर चालवायचे तर पाय दर वेळी त्याच जागी पाहिजे. थोडा पुढं, थोडा मागं झाला का शंभर किलोमीटरनंतर समजते."

"मले पन्नास वर्षांत नाही समजलं."

"तुम्ही शंभर किलोमीटर गेलात कधी?"

हा घाव वर्मी होता आणि चुकीचाही. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "तुझी माय लहान होती तवा, आंभोऱ्याच्या जत्रेले ट्रिपलसीट गेलो होतो. पुढं दांड्यावर तुझी माय, मागं कॅरिअरवर धाकटा, हँडलले शिदोरीची थैली. जाऊन-येऊन किती होते ते तू मोज. चप्पल होती पायात. अन् येताना एका पायाची तुटली."

भाचा गप्प झाला. मलाही वाटलं, हे अंतर कितीही असो, ते ब्रेव्हेपेक्षा कमी नाही.

मग त्यानं दुसरीकडून सुरुवात केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पुरी करून आले. बारा दिवसांच्या आत, जवळपास पाच हजार किलोमीटर. त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या संघातून तीच शर्यत पुरी करून आले. भाचा अशी नावं घेताना सरळ बसतो.

"मोठी माणसं आहेत, हात जोडले," मिस्त्री म्हणाले, आणि खरंच जोडले. "पण त्यायले मौद्याच्या चौकात म्हैस आडवी येते का? मागून राखेचा बल्कर हॉर्न वाजवते का? तू रोज अमेरिका ओलांडत नाही, बावा. तू चौक ओलांडते."

इथं भाच्यानं पँटचा पाय वर केला. डाव्या गुडघ्याखाली खरचटल्याची जुनी, तपकिरी खूण. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. त्याच्याकडं तेव्हा दोन्ही बाजूंनी चिमटा असलेली जोडी होती. हायवेवरून गावात वळताना धानाचा ट्रॅक्टर पुढं थांबला, याचाही वेग संपला, आणि पाय काढायचा म्हणून त्यानं नेहमीसारखा वर उचलला. वर उचलून तो निघत नाही. उभ्याचा उभा, सायकलसकट, तणसाच्या ढिगाशेजारी आडवा. ट्रॅक्टरवाला उतरला आणि त्यानं आधी सायकल उचलली, मग याच्या लक्षात आलं की आपणही सायकलबरोबर उचलले जातोय.

"सगळे एकदा पडतातच," भाचा म्हणाला. "थांबल्यावर नाही काढायचा, थांबायच्या आधी काढायचा. ब्रेकला बोट गेलं का टाच बाहेर. पंधरा दिवसांत अंगवळणी पडते."

"ते पंधरा दिवस बल्करवाल्याले सांगून ठेवले होते का?"

खरं सांगायचं तर या जागी मी मिस्त्रींच्या बाजूला झुकलो होतो. पण भाच्यानं ती दोन्ही बाजूंची जोडी विकून ही एकेरी चिमट्याची का आणली, ते विचारल्यावर जे उत्तर मिळालं ते मला सगळ्या संभाषणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. वेग, पल्ला, पडणं, यातलं काही नाही. उत्तर होतं: सेफ्टी शूज.

प्लांटच्या गेटच्या आत पोलादी टोपीचे जाड बूट घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. सायकलचे बूट घालून गेलं तर ते ठेवायचे कुठं? पिशवीत दोन जोड वागवायचे, गेटवर बदलायचे, तेही सकाळी पावणेसहाच्या घाईत. दोन्हीकडं चिमटा असलेल्या पायडलवर तो जाड बूट ठेवला तर मधल्या लोखंडी गाठीवर नाचतो, कुठंच बसत नाही. पिंजरा-पट्टा लावावा तर बुटाचं नाक त्यात शिरत नाही. मग भाच्यानं चिमट्यावर बसणारी प्लास्टिकची पाटी आणून पाहिली. तशी मिळते; क्लीटसारखीच खट्कन बसते आणि चिमट्याचं सपाट पायडल करून देते. चार दिवस बरी चालली. पाचव्या दिवशी जोरात पायडल मारताना सुटली आणि नालीत गेली.

"म्हणून हे," त्यानं जोडीवर हात ठेवला. "ड्यूटीला सपाट बाजू, सेफ्टी शूज. रविवारी चिमटा, सायकलचे बूट. सायकल एक, माणूस एक, बूट दोन. अन् बाई भाजीला घेऊन गेली तरी तिला चपलेवर चालवता येते."

बाई म्हणजे त्याची आई. मिस्त्रींची बहीण. तिचं नाव निघाल्यावर मिस्त्रींचा सूर बदलला.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे हे पायडल एका माणसाच्या दोन दिवसांसाठी हाय. एका दिवसासाठी नाही."

"तसंच."

"मंग रविवारी तू चौकातून जाशीन तवा? थांबला, पाय काढला, सुटला, मागून गाडी. पायडल उलटं. सपाट बाजूवर क्लीटचा बूट. घसरन का नाही?"

"दोन फेरे घसरते. खिळे धरतात थोडे. चौक ओलांडला का मग खाली पाहून बाजू शोधतो."

"खाली पाहून," मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले. "चौकात, खाली पाहून."

भाच्याजवळ याला चांगलं उत्तर नव्हतं. दुहेरी पायडलवर कोणाहीजवळ नसतं. एका बाजूचं काम दुसरी करत नाही आणि ऐनवेळी जी हवी तीच वर असेल याची हमी नाही. मोकळं झालेलं पायडल एका विशिष्ट तिरप्या कोनात लटकतं, तो कोन पायाला ओळखीचा होतो, चवडा मागून नुसता घासला की पाहिजे ती बाजू वर येते, असं जुने लोक सांगतात. ते खरं आहे. पण ती ओळख व्हायला महिने लागतात, आणि तोपर्यंत चौक रोजचाच आहे.

त्या दिवशी वाद तिथंच राहिला. मिस्त्रींकडं पंक्चरची गर्दी झाली, भाच्याला सेकंड शिफ्ट होती, आणि माझी सायकल 'उद्या सोडा' या वर्गात जमा झाली. पुढच्या दिवसापुरती त्यांनी मला दुकानातली एक सायकल दिली.

सोमवारी जाताना मी एक उद्योग केला. पाय किती वेळा जमिनीला टेकतो ते मोजलं. इतकी वर्षं रोज जातो, कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एकदा. चौकात दोनदा, कारण अर्धा ओलांडून मधे थांबावं लागतं. धान भरायला आडव्या लावलेल्या ट्रॉलीपाशी एकदा. बकऱ्यांच्या कळपात एकदा. पांदण रस्ता डांबराला मिळतो तिथं एकदा. तिथं खरं तर थांबायची गरज नव्हती, ओळखीचा एक पालक दिसला. शाळेच्या फाटकाशी एकदा. एकूण सात. आणि सातपैकी सहा वेळा टेकला तो डावा पाय.

उजवा टेकला तो बकऱ्यांमुळं. डावीकडं बकरी होती.

एकदा लक्षात आल्यावर कारण उघड होतं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो. थांबताना शरीर आपोआप कडेला, म्हणजे गाड्यांपासून लांब झुकतं. सायकलवर चढायचं तेही डावीकडून, डावा पाय पायडलवर आणि उजवा मागून फिरवून. स्टँडही डावीकडं. काळ्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकलो तेव्हापासून उजवा पाय सायकलचा आणि डावा पाय रस्त्याचा.

मंगळवारी हे मी दोघांना सांगितलं, थोड्या फुशारकीनं. मिस्त्री ऐकताना भाच्याच्या सायकलचा क्रँक धरून बसले होते. जोडी बसवायची होती.

"मंग झालंच ना," ते म्हणाले. "उजवा बांध, डावा मोकळा सोड."

"असं कसं मामाजी?" भाचा म्हणाला. "एक पाय बांधलेला, एक सुटा. दोन्ही पायांचं काम सारखं पाहिजे."

"चौकात काय काम हाय तुझं? पन्नास मीटर. पन्नास मीटर सारखं नाही झालं तर काय ब्रेव्हे कटते?"

भाचा विचार करायला लागला. मग हळूच म्हणाला, "तसंही थांबताना मी उजवा काढतच नाही. डावाच काढतो."

"मंग?"

"म्हणजे उजव्याचा चिमटा वर आहे का नाही, हे पाहायचं कामच नाही. डावं तेवढं राहिलं. अन् चौकातून निघताना डाव्यावर सपाट बाजू आली तरी चालते. क्लीटचा बूट पन्नास मीटर काढते. कन्हानचा पूल लागला का मग खट्."

माझ्या मते ही त्या दिवसातली खरी भर होती, आणि ती मिस्त्रींनी घातली, ज्यांनी आयुष्यात कधी क्लीट पायात घातली नाही. निवड करताना सगळे सायकलकडं बघतात. वजन किती ग्रॅम, खिळे किती, चिमटा कोणत्या कंपनीचा. रस्त्यावर आपला पाय कुठं आणि कोणता टेकतो हे कोणी मोजत नाही. ज्याच्या वाटेत सात किलोमीटरला सात वेळा पाय टेकतो त्यानं चिमट्याच्या नादी लागू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. माझी वाट तशी आहे. आणि ज्याला माथनीपाशी कन्हान नदीचा पूल ओलांडला की नागपूरपर्यंत मोकळी कडेची पट्टी मिळते, त्यानं सपाट पायडलवर हट्टानं बसण्यातही काही शहाणपण नाही. दोन्ही वाटा ज्याच्या नशिबी आहेत त्याच्यासाठी ही दुतोंडी वस्तू. एरवी तिचं वजन वागवण्यात अर्थ नाही.

मिस्त्रींनी उजवं पायडल आधी घेतलं. आसेच्या टोकाला बारीक 'आर' कोरलेला, डाव्याला 'एल'. आट्यांना बोटानं ग्रीस लावलं, अगदी मुळापर्यंत. "हे नाही लावलं तर दोन पावसाळ्यानंतर हे पायडल क्रँकसंगच भंगारात जाते," ते म्हणाले. मग हातानं, पाना न लावता, चार फेरे दिले. आटे धरले हे बोटाला कळल्यावरच पाना.

डावं उलट्या आट्यांचं असतं. ते उलटं का, हे भाच्यानं विचारलं नाही, पण मी सांगितलंच. मास्तरकी सुटत नाही. पायडल मारताना जोर आसेभोवती फिरत राहतो आणि आस भोकात किंचित लोळत, पायडल फिरतं त्याच्या उलट दिशेला सरकत जाते. साधे आटे दिले तर डावं पायडल चालता चालता स्वतःच सुटून येईल. डाव्याला उलटे आटे देणाऱ्या पहिल्या लोकांत राइट बंधूंचं नाव घेतात. विमानाआधी त्यांचं सायकलचंच दुकान होतं.

"विमानवाले?" मिस्त्रींनी मान वर केली. "मिस्त्री होते?"

"मिस्त्रीच."

त्यावर ते काही बोलले नाहीत, पण डावं पायडल बसवताना थोडे जास्त वेळ रेंगाळले. त्यांचा नियम साधा आहे आणि मी तो कॉलेजात असताना एक पाना वाकवल्यावर शिकलो: बाहेरून पाना लावा आणि पुढच्या चाकाकडं फिरवा, दोन्ही बाजूंनी घट्ट होतं. मागच्या चाकाकडं फिरवा, सुटतं. डावं-उजवं आठवायचंच नाही.

मग क्लीटा. भाच्यानं बुटाच्या तळव्यावर पेनानं रेघ मारली होती, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या बरोबर खाली. आस तिथं यायला हवी. मिस्त्रींनी विचारलं की पाय असा जखडला तर गुडघ्याचं काय. भाच्यानं दाखवलं: अडकवल्यावरही टाच थोडी इकडं-तिकडं हलते, काही अंश. त्याच्या पलीकडं गेली की सुटते. क्लीटच वाकडी बसवली तर मात्र गुडघा रोज थोडा थोडा पिळला जातो, आणि ते सपाट पायडलवर कधी होत नाही, कारण तिथं पाय आपली जागा आपण शोधतो. चिमट्याच्या मागं एक बारीक स्क्रू असतो, त्यानं स्प्रिंग सैल करता येते. नव्या माणसानं ती अगदी सैल ठेवावी. क्लीटही दोन जातींच्या मिळतात. एक टाच बाहेर वळवल्यावरच सुटणारी, आणि एक वेडीवाकडी ओढली तरी सुटणारी. भाच्यानं पडल्यावर दुसरी घेतली. आधी घ्यायला हवी होती.

मिस्त्रींनी बूट उलटा करून क्लीटच्या स्क्रूंची भोकं पाहिली. "यात चिखल गेला का चावी बसन का? बांधीतला चिखल सिमेंटसारखा होते." उत्तराची वाट न बघता त्यांनी टपरीतल्या देवाच्या फोटोपुढची मेणबत्ती पेटवली आणि दोन्ही भोकांत मेण टपकवलं. काढायचं तेव्हा टोचून काढता येईल. भाच्याच्या कुठल्याच सायकलवाल्या मित्रानं हे त्याला सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या काळ्या सायकलच्या रबरी पायडलांकडं बोट दाखवून ते म्हणाले, "याले पुढं-मागं पिवळे काच हाय. धुक्यात ट्रकवाल्याले वरखाली होणारे दोन ठिपके दिसते. वरखाली झाले म्हणजे माणूस, हे त्याले समजते. तुझ्या पायडलले हाय का?"

नव्हते. खिळ्यांच्या चौकटीत ते बसवायला जागाच ठेवलेली नव्हती. काही शहरी दुहेरी पायडलांना येतात. या जोडीला नाहीत. डिसेंबरात पहाटे कन्हानच्या अंगाला धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा दिवा लागला आहे की नाही ते कळत नाही, आणि भाच्याची फर्स्ट शिफ्ट नेमकी त्याच वेळेची. त्यानं मुकाट्यानं मिस्त्रींकडून चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा घेतला आणि दोन्ही जोडांच्या टाचांना चिकटवला. सेफ्टी शूजना आधी.

निघताना तो सायकलचे बूट घालून निघाला. उजवा पाय पायडलवर, 'खट्'. डावा नुसता ठेवला. चौकापर्यंत तो तसाच गेला. चौकात ट्रॅक्टर होता, डावा पाय जमिनीला लागला, ट्रॅक्टर गेला, हाही गेला. त्यापुढं आम्हाला दिसला नाही.

"सर, तुमची कटकट," मिस्त्री म्हणाले.

माझी सायकल त्यांनी उलटी केली. पायडलला टिचकी मारली. ते छर्ऱ्यांवरून लोण्यासारखं फिरलं आणि कसलाही आवाज न करता थांबलं. मग त्यांनी क्रँक धरून हलवला. 'कट्.' क्रँक पकडून ठेवणारा कॉटर ढिला झाला होता. पायडलचा काही संबंधच नव्हता. त्यांनी जुनी कॉटर पिन ठोकून काढली, डब्यातून नवी शोधली, कानशीनं तिची एक बाजू थोडी घासली, बसवली, आणि दोन हातोडे मारले.

"पायडल किती वर्षांचं हाय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी बसवलेलं. पस्तीस तरी."

"रबर बदलू का?"

"किती?"

"राहू द्या," ते म्हणाले. "अजून दोन वर्षं जाते. पिनचे वीस रुपये द्या."